उरलेले, शिळे, उष्टे, खरकटे

मराठी स्वयंपाकघरात जेवणानंतर मागे राहणाऱ्या अन्नाला एकच एक नाव नाही. पातेल्यात ज्याला कुणाचा हात लागलेला नाही ते उरलेले. त्यावरून रात्र उलटली की ते शिळे. ताटात वाढून घेऊन, चार घास खाऊन जे टाकले ते उष्टे. आणि भांड्याला चिकटलेले, ताटाभोवती सांडलेले, साली-काड्या-हाडकांत मिसळलेले ते खरकटे. ही चार नावे केवळ भाषेची हौस म्हणून पडलेली नाहीत. प्रत्येक नावाबरोबर पुढच्या वाटेची सूचनाही येते. उरलेले झाकून ठेवावे, संध्याकाळी पुन्हा वाढावे. शिळ्या भाताला फोडणी द्यावी, शिळ्या पोळीचा कुस्करा करावा. उष्टे जनावरांपुढे जाई. खरकटे पाणी परसातल्या अळवाला किंवा केळीला मिळे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिचा सारा भार घरातल्या बाईच्या अंगावर होता. सर्वांची पाने उठल्यावर शिळेपाके तिच्याच वाट्याला येई. उष्ट्याच्या बाबतीत तर आपल्या समाजाने जो अन्याय केला, त्याचा हिशेब पुढे द्यावाच लागणार आहे. तरीही त्या चार नावांत एक शहाणपण होते. जे वेगळे आहे ते वेगळे ठेवावे, हे ते शहाणपण.

आज हे शहाणपण कुठे हरवले ते पाहायचे असेल, तर एखाद्या मोठ्या कारखान्याच्या किंवा कचेरीच्या कॅन्टीनमध्ये दुपारी दोनच्या सुमारास जावे. हात धुण्याच्या जागेजवळ प्लॅस्टिकचे एक मोठे पिंप ठेवलेले असते. ताटातला भात, अर्धी पोळी, वाटीतली आमटी, तोंड पुसलेला कागद, दह्याची प्लॅस्टिकची वाटी, सारे त्यात पडते. सकाळी सोललेल्या कांदे-बटाट्यांच्या साली तळाशी आधीच असतात. जेवणाची वेळ संपली की आतून पातेली येतात, आणि ज्याला कुणी शिवलेले नाही असा पांढराशुभ्र भात त्याच पिंपात ओतला जातो. पिंप भरले की चार शब्दांचा एकच शब्द होतो : कचरा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अन्नाच्या नासाडीचा प्रश्न त्या पिंपापाशी सुरू होत नाही. तो सकाळी तांदूळ मोजताना सुरू होतो. किंबहुना त्याही आधी, कॅन्टीनच्या कंत्राटाचा कागद लिहिताना सुरू होतो. तो सोडवायचा तर क्रम सरळ धरला पाहिजे. आधी अन्न उरू न देणे. उरलेच तर ते ताजे असतानाच माणसाच्या पोटी घालणे. ते जमले नाही तर जनावराकडे, आणि अगदी शेवटी मातीकडे. आज आपण हा क्रम उलटा धरला आहे. शेवटच्या पायरीवर एखादे यंत्र बसवतो, त्याच्या उद्घाटनाची फीत कापतो, आणि पहिल्या पायरीकडे ढुंकूनही पाहत नाही.

नासाडीचे प्रमाण किती हे प्रथम पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या वर्षाचा जगाचा हिशेब मांडला आहे. त्या एका वर्षात घरे, दुकाने आणि उपाहारगृहे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांना उपलब्ध झालेल्या एकूण अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यात घरांचा वाटा ६० टक्के, हॉटेले-खाणावळी-कॅन्टीन यांचा २८ टक्के आणि दुकानांचा १२ टक्के. हे आकडे पाहून कुणी म्हणेल, की मोठा दोष घरांचा आहे. मग कॅन्टीनवर एवढा रोष कशासाठी? याचे उत्तर सोपे आहे. घरातली नासाडी लाखो चुलींवर विखुरलेली असते, आणि तिथे प्रत्येक घराची समजूत वेगळी काढावी लागते. कॅन्टीनमध्ये हजार माणसांचा भात एक आचारी शिजवतो, एक मुकादम मोजतो आणि एक अधिकारी त्याच्या बिलावर सही करतो. तीन माणसांचा निर्णय बदलला की हजार ताटांचा हिशेब बदलतो. इतकी सोपी सुधारणा दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

शिवाय कॅन्टीन ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाने, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कॅन्टीन असावे असा नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला होता. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या शंभरावर आणली गेली, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही धरले गेले. १९४८ च्या त्या कलमात आणखी एक मार्मिक तरतूद होती. कॅन्टीनच्या व्यवस्थापनासाठी समिती असावी आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी ती तरतूद. ज्यांनी अन्न खायचे त्यांना त्या अन्नाच्या कारभारात आवाज असावा, हे तत्त्व आपल्या कायद्याने स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी मान्य केले होते. परंतु अशा समित्यांच्या बैठकांत चर्चा कशाची होते? भाजीत मीठ जास्त पडल्याची, पोळी कच्ची राहिल्याची, चहाच्या दराची. या तक्रारी रास्त असतात, यात शंका नाही. पण काल किती किलो अन्न पिंपात गेले हा प्रश्न त्या टेबलावर क्वचितच येतो.

अन्न उरते का? याचे पहिले कारण लोभ नसून भीती आहे. माझ्या नात्यातला एक मुलगा एका औद्योगिक वसाहतीतल्या कॅन्टीनमध्ये आचाऱ्याच्या हाताखाली आहे. ‘एवढा भात रोज उरतो, मग कमी का लावत नाहीस?’ असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, भात कमी पडला तर साहेबाचा फोन येतो. उरला तर फक्त पिंप भरतं.’ या दोन वाक्यांत साऱ्या व्यवस्थेचे वर्णन आले. अन्न कमी पडले तर कंत्राटदाराला दंड, कंत्राट जाण्याची धास्ती, आणि त्याचा राग आचाऱ्यावर. जास्त झाले तर कुणाला काही विचारणा नाही. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस दहा किलो तांदूळ अधिकच भिजवील. त्याची किंमत शेवटी ताटाच्या दरातच धरलेली असते.

आणि गंमत अशी, की किती लावायचे हे त्या मुलाला नेमके ठाऊक आहे. आषाढी एकादशीला आणि संकष्टीला किती ताटे कमी होतात, श्रावणातल्या सोमवारी कोणत्या पदार्थाला हात लागत नाही, पगाराच्या दुसऱ्या दिवशी किती जण बाहेर जेवतात, रात्रपाळीची माणसे भात टाळून पोळी कशी मागतात, दुधी भोपळ्याच्या भाजीच्या दिवशी पिंप किती वर येते, हे सारे त्याला तोंडपाठ आहे. ते त्याला कुणी विचारलेले नाही. महिन्याचा तक्ता वातानुकूलित खोलीत ठरतो आणि एकादशीच्या दिवशीही तेवढाच भात शिजतो. ज्याच्या हाताला ज्ञान आहे त्याच्या शब्दाला किंमत नाही, आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे तो पातेल्याजवळ येत नाही. हा आपल्या श्रमव्यवस्थेचाच जुना रोग आहे.

यावरचे उपाय अवघड नाहीत. सकाळची हजेरी फाटकावर लागते. तिचा आकडा तासाभरात स्वयंपाकघरात पोहोचला तर निम्मा अंधार दूर होतो. सगळा भात एकाच वेळी न लावता खेपांनी लावावा. पहिली खेप संपत आली आणि रांग अजून लांब असली तरच दुसरी चढवावी. शेवटच्या खेपेला भात पुरला नाही तर दहा मिनिटांत होणारा उपमा किंवा पोहे करता यावेत, म्हणून रवा आणि पोहे हाताशी ठेवावेत. पण हे सारे चालायचे तर कंत्राटात एक ओळ बदलावी लागेल. ठरावीक मर्यादेत अन्न कमी पडले तर दंड नाही. उलट ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उरले तर त्याचा जाब. ही एक ओळ भिंतीवरच्या शंभर सुविचारांपेक्षा अधिक काम करील.

सुविचारांचा विषय निघालाच आहे, तर ताटातल्या नासाडीकडे वळू. जवळजवळ प्रत्येक कॅन्टीनच्या भिंतीवर अन्नाची महती सांगणारा फलक असतो, आणि त्याच फलकाखाली पिंप भरत असते. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या देशात उपदेशाची उणीव कधीच नव्हती. जेवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीकडे पाहावे. त्यातली दहा मिनिटे रांगेत जातात. पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल या धास्तीने माणूस एकदमच सगळे वाढून घेतो. वाढपी ठरावीक मापाचा डाव सर्वांच्या ताटात सारखाच उलटतो. मग तो वाढत्या वयाचा शिकाऊ कामगार असो की मधुमेहामुळे भात मोजून खाणारा वयस्क कारकून. ‘थोडाच घाल रे’ म्हणायलाही मागची रांग वेळ देत नाही. भाताचा अर्धा डाव ठेवला, दुसऱ्यांदा वाढून घेण्याची वेगळी छोटी रांग केली, नवी भाजी आधी चमचाभर चाखायला दिली, तर ताटात टाकण्याचे प्रमाण आपोआप कमी होईल. हे करून पाहिल्यावरही जो ताट भरून घेतो आणि टाकतो, त्याला दोष द्यायला मग हरकत नाही.

तथापि ‘प्रमाण कमी होईल’ असे म्हणायला आधी प्रमाण माहीत हवे. म्हणून साऱ्या सुधारणेचा पाया म्हणजे वजनकाटा. तीन पिंपे ठेवावीत. पहिल्यात भाजी निवडताना निघालेली साले आणि देठे, दुसऱ्यात पातेल्यात उरलेले, तिसऱ्यात ताटात टाकलेले. रोज तिन्हींचे वजन करून दारातल्या फळ्यावर खडूने लिहावे. तीन वेगळ्या आकड्यांवरून तीन वेगळे दोष कळतात. पहिला आकडा मोठा असेल तर खरेदी किंवा चिरणे चुकते आहे. दुसरा मोठा असेल तर अंदाज चुकतो आहे. तिसरा मोठा असेल तर वाढणे किंवा चव चुकते आहे. एकाच पिंपात सारे कोंबल्यावर यातले काहीच कळत नाही. हिशेबासाठी असे धरू, की हजार माणसे जेवतात आणि प्रत्येक जण ताटात फक्त ५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे भात टाकतो. दिवसाला ५० किलो झाले. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर १५,००० किलो. एकेका ताटात जे डोळ्यांना दिसतही नाही, ते वर्षअखेर पंधरा टन होते.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. आता पूर्वीसारखी टंचाई कुठे आहे? गोदामे भरलेली आहेत. मग दोन घासांचा एवढा बाऊ कशाला? १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, आणि असंख्य कुटुंबांनी ते पाळले होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली माणसे खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढले आणि मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी खाल्ली. त्या पिढीतल्या आजी-आजोबांना ताटात शीत टाकवत नाही, आणि आपण त्यांना हसतो. टंचाई संपली हे बरेच झाले. परंतु अन्न जपण्याचे कारण केवळ टंचाई हेच नव्हते. एक किलो तांदूळ पिकवायला जगाच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. ज्या राज्यात उन्हाळा आला की गावोगाव टँकर फिरतात, तिथे पिंपातला भात म्हणजे पिंपातले पाणीच आहे. त्यात शेतकऱ्याची मेहनत आहे, खत आहे, विजेचा पंप आहे, ट्रकचे डिझेल आहे, आचाऱ्याच्या घामाचा तास आहे. आणि हे सारे कचऱ्याच्या डोंगरात हवेवाचून कुजले की त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो हवा तापविण्यात कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारे २८ पट प्रभावी आहे.

आता दुसरी पायरी. सर्व दक्षता घेऊनही काही दिवस अन्न उरणारच. एखाद्या दिवशी यंत्र बंद पडून पाळी लवकर सुटते, एखाद्या दिवशी पावसाने गाड्या येत नाहीत. अशा वेळी पातेल्यात उरलेले, हात न लागलेले अन्न गरजूंना द्यावे हे ओघाने आलेच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली विनियमही केले. शास्त्राचे सांगणे साधे आहे. शिजवलेले अन्न गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली; मधल्या उबेत जंतू भराभर वाढतात. म्हणून दुपारी बारा वाजता शिजलेला भात चार वाजेपर्यंत उघडा ठेवून मग ‘कुणाला तरी देऊन टाका’ म्हणणे हे दान नव्हे. द्यायचे असेल तर दीड वाजताच ठरवावे, झाकणाच्या स्वच्छ डब्यात भरावे, आणि घेणारा कोण, तो केव्हा येणार, हे आधीपासून निश्चित असावे.

परंतु यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात उरलेले अन्न देण्याचा प्रश्न हा केवळ आरोग्याचा प्रश्न नाही. पिढ्यानुपिढ्या गावकुसाबाहेरच्या माणसांना उष्टे आणि शिळे देऊन त्यालाच दान म्हटले गेले, आणि ते हात पसरून घेणे हाच त्यांचा हक्क ठरवला गेला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे खाणे सोडून द्यावे असे कळकळीने सांगितले. तो केवळ आहाराचा उपदेश नव्हता. ती माणूसपणाची घोषणा होती. ज्या भूमीत ही घोषणा झाली, त्या भूमीत उरलेले अन्न देताना ‘कुणाला तरी देऊन टाका’ ही भाषा वापरता येणार नाही. उरलेले आणि उष्टे यांतील रेघ इथे केवळ स्वच्छतेची राहत नाही, ती सन्मानाची होते. जे आपण स्वतः आपल्या ताटात त्या क्षणी आनंदाने वाढून घेऊ, तेच दुसऱ्याला द्यावे. कसोटी एवढी सोपी आहे.

आणि ही कसोटी लावायची तर सुरुवात लांबच्या अनाथाश्रमापासून न करता कॅन्टीनच्या आतच करावी. भांडी घासणाऱ्या बाया, पिंपे उचलणारा पोऱ्या, झाडूवाले, फाटकावरचा पहारेकरी हे बहुधा कंत्राटी असतात. ते केव्हा जेवतात? कुठे बसून जेवतात? साहेबांच्या आणि कामगारांच्या पंगती उठल्यावर, जे राहील ते, भांड्यांच्या ढिगाशेजारी बसून? तसे असेल तर आपण जुन्या घरातला सर्वांत वाईट रिवाज तेवढा उचलून कारखान्यात आणला म्हणायचे. त्यांची ताटे सकाळच्याच आकड्यात धरली जावीत, त्यांनी त्याच टेबलावर, तेच गरम अन्न खावे. पहारेकऱ्याला उरलेला भात मिळतो म्हणून भात उरू देणे हे धर्मादायाचे सोंग आहे. तो त्याचा हक्क आहे, आणि हक्क उरण्यावर अवलंबून असू नये.

तिसरी पायरी जनावरांची. हीही वाटते तितकी निष्पाप नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला भात आणि पोळ्या गोठ्यात ओतल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत गाय फुगून आडवी पडते, हे खेडेगावातल्या वाचकांनी पाहिले असेल. गाई-म्हशींचे पोट चाऱ्यासाठी घडलेले आहे. एकदम भरपूर शिजलेले पीठ किंवा भात पोटात गेला की तिथे आम्ल वाढते आणि जनावर दगावूही शकते. त्यातून प्लॅस्टिकची एखादी पिशवी गेली तर विचारायलाच नको. म्हणून भाजीची देठे, पाने, साली जरूर द्याव्यात. शिजलेले अन्न पशुवैद्याला विचारून, बेताने. ‘गाईला घातले’ एवढ्याने नासाडीचे पाप फिटत नाही.

उरता उरले खरकटे. इथे मात्र शास्त्राने, आणि अभिमानाने सांगावे तर महाराष्ट्रातल्याच माणसांनी, चांगली वाट दाखवली आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नावाचे बायोगॅस संयंत्र विकसित केले. केंद्राच्या आवारातील कॅन्टीनांचा ओला कचरा त्याने जिरवला. काळे यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. या पद्धतीत खरकटे आधी यंत्रात बारीक वाटतात, गरम पाण्याच्या मदतीने पहिल्या टाकीत हवेवर जगणाऱ्या जंतूंकडून ते फोडून घेतात, आणि मग दुसऱ्या, हवाबंद टाकीत त्याचा वायू होतो. खाली राहते ते खत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने घरगुती आकाराचे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. कर्वे यांचा मुद्दा अगदी मुळातला होता. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेला चोथा. पिष्टमय खरकट्यात ते सत्त्व अजून शिल्लक असते. म्हणून थोड्या खरकट्यातून पुष्कळ वायू मिळतो, आणि तोही लवकर. कॅन्टीनच्या खरकट्यावर कॅन्टीनचाच चहा उकळावा, यासारखी दुसरी सुंदर गोष्ट नाही.

ज्यांना संयंत्र झेपत नाही त्यांनी खतखड्डा करावा. मात्र आमटीने चिंब झालेला भात नुसता टाकला तर तो सडून दुर्गंधी सुटते. त्यात वाळका पालापाचोळा, भुसा, नारळाचा काथ्या भरपूर मिसळला पाहिजे आणि ढीग खालीवर केला पाहिजे. चोवीस तासांत खत करून देण्याचे आश्वासन देणारी विजेची यंत्रेही मिळतात. त्यातून इतक्या लवकर निघते ती बहुधा वाळवलेली पूड असते. तिला खत व्हायला पुढे काही आठवडे मातीतच मुरावे लागते.

तरीही या शेवटच्या पायरीविषयी एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. संयंत्र बसले की त्याला रोज ठरावीक खाद्य लागते. मग खरकटे कमी झाले तर अधिकारी हळहळतात, की संयंत्र अर्धे रिकामे चालते. ज्या अन्नाचा वायू झाला ते अन्न वाया गेले असे कुणाच्या मनातही येत नाही. पोटासाठी शिजवलेला भात टाकीत घालून त्यावर पुन्हा भात शिजवणे, हा फार महागडा प्रवास आहे. संयंत्र हवेच, पण ते सालींसाठी, देठांसाठी, खरकट्यासाठी. पातेल्यातला भात त्यात जाऊ लागला, की ते नासाडी झाकण्याचे साधन होते.

हे सारे केले नाही तर काय होते? पिंप कारखान्याच्या फाटकाबाहेर जाते आणि आपल्या नजरेआड होते. पण ते कुणाच्या तरी दारात उतरतेच. मुंबईचे देवनार कचराक्षेपण केंद्र १९२७ पासूनचे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला आणि त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलने केली. २०१८ साली औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) नारेगाव परिसरातल्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा घेण्यास नकार दिला, आणि शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्या संस्थांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा असे सांगितले होते, ते याच अनुभवातून. आणि या कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसांनाही विसरून चालणार नाही. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि २००८ साली त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. आमटीत भिजलेला कागद आणि प्लॅस्टिक त्यांना विकता येत नाही. आपण पिंपात एकत्र टाकतो, तेव्हा त्यांच्या दिवसाच्या कमाईवर आमटी ओततो.

कुणी विचारील, की कला शाखेच्या वार्षिकात या विषयाचे काय काम? आपल्यापैकी बहुतेक जण दोन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या कचेरीत, बँकेत, शाळेत, कारखान्याच्या कार्मिक विभागात जाऊन बसतील. कॅन्टीनच्या कंत्राटाचा मसुदा टंकलिखित करायला, बिलांवर सह्या घ्यायला, समितीच्या सभेचे इतिवृत्त लिहायला आपल्यालाच सांगितले जाईल. संयंत्राची रचना अभियंते करतील. परंतु कोणता शब्द कागदावर यावा आणि कुणाला सभेत बोलू द्यावे, हे ठरवण्याचे काम आपल्या वाट्याचे आहे. शब्दांचे महत्त्व साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. ज्या भाषेत उरलेले आणि उष्टे हे दोन वेगळे शब्द आहेत, तिच्या विद्यार्थ्याने दोहोंना मिळून ‘वेस्ट’ म्हणणे शोभत नाही.

सुरुवातीला नोकरीची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या वसतिगृहाची खाणावळ आहे, महाविद्यालयाचे उपाहारगृह आहे. स्नेहसंमेलनाच्या जेवणात पत्रावळींसकट किती अन्न जाते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. येत्या सत्रात विद्यार्थी मंडळाने एक वजनकाटा आणि तीन पिंपे एवढीच मागणी करावी. महिनाभर आकडे फळ्यावर लिहावेत. महिन्याच्या शेवटी खाणावळीच्या समितीची सभा घ्यावी, आणि त्या सभेत प्राचार्यांच्या शेजारी आचारीमामांना आणि भांडी घासणाऱ्या मावशींना खुर्ची द्यावी. पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा : ‘काय उरते, आणि का उरते?’ त्यांचे उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून घ्यावे. पुढच्या वर्षीच्या अंकात कुणीतरी ते आकडे छापावेत, म्हणजे या लेखातले किती खरे आणि किती नुसते बोलणे, याचा निवाडा वाचकांना करता येईल.